बीपीचं पथ्य भाकरीत नाही, तोंडी लावण्यात आहे

प्रवराकाठच्या बेलापुरात घरटी एखाद्याला तरी बीपीची गोळी चालू असल्याचं ऐकायला मिळतं. पथ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘मी वरून मीठ घेत नाही.’ वरून मीठ न घेणं चांगलंच. पण ताटात डाव्या बाजूला लोणचं, पापड, ठेचा असतो, चार वाजता चहाबरोबर फरसाण असतं आणि सणावारी भज्यांच्या पिठात चिमूटभर सोडा असतो. मीठ या वाटांनी पोटात जातं आणि हिशेबात मात्र धरलं जात नाही.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० आणि तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तेवढाच किंवा जास्त भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. पक्षाघात झाल्यावर किंवा मूत्रपिंड थकल्यावर कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

मीठ नेमकं काय करतं?

मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण येतो आणि वर्षानुवर्षं असं चाललं की त्या ताठर होतात. जादा सोडियम लघवीवाटे काढून टाकण्याचं काम मूत्रपिंडांचं. त्यांना पोटॅशियमची मदत होते आणि ते भाज्या, फळं, कडधान्यं, दूध-दही यांतून मिळतं. म्हणून बीपीच्या आहाराला दोन बाजू आहेत : मीठ कमी आणि भाजी-फळं जास्त. आपण पहिलीबद्दल बोलतो आणि दुसरी विसरतो.

अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ अभ्यासाने हेच दाखवलं. मीठ सगळ्यांना सारखंच ठेवलं, पण एका गटाला भरपूर भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ दिले. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने खाली आला. २००१ मध्ये याच आहाराबरोबर मीठही कमी करून पाहिलं, तेव्हा फायदा आणखी वाढला.

पुडा किती दिवस पुरतो?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचा आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. स्वयंपाकघरात रोज वजन करणं कुणालाच जमणार नाही, त्यापेक्षा पुडा मोजावा. पाच जणांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा निदान ४० दिवस चालायला हवा. बाहेरचं खाणं वेगळं असल्याने त्याहून जास्त चालला तर उत्तम. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावी. तीन आठवड्यांत संपला, तर घरातलं प्रत्येक माणूस जवळपास दुप्पट मीठ खातंय.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. शंभर ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झालं. खाण्याचा सोडा आणि पापडखार खारट लागत नाहीत, पण सोडियम त्यांतही असतंच. उपासाला सैंधव चालतं म्हणून बीपीलाही चालेल, ही समजूत चुकीची आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

आपलं ताट

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी बेलापूर-श्रीरामपूरचा पट्टा उसाचा केला. पैसा आला, तसं ताटही बदललं. तरी बाजरीची भाकरी, मेथी-शेपू-तांदुळजा, मटकीची उसळ, कांदा, दही हे जुनं जेवण अजून घरोघरी आहे आणि बीपीला तेच मानवतं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं असावं. फळाला दूर जावं लागत नाही. हंगामात राहात्याचा पेरू मिळतो आणि पोटॅशियमच्या बाबतीत तो केळ्याच्या मागे नाही. फक्त त्यावर तिखट-मीठ भुरभुरू नये.

ठेचा सोडायची गरज नाही. तव्यावर मिरच्या भाजताना लसूण नेहमीपेक्षा जास्त घ्यावा, भाजलेले शेंगदाणे घालून रगडावं आणि वर लिंबू पिळावं. मीठ निम्म्यावर आणलं तरी तोंडाला चव येते. कारळ्याची, जवसाची चटणी करतानाही असंच करावं. पिठात मीठ न घालता केलेली भाकरी भाजीबरोबर छान लागते. ताक जिरं आणि कोथिंबिरीवर प्यावं. लोणचं रोज नको, पापड सणाला. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीची भाजी खारट वाटू लागते.

उन्हात राबणाऱ्यांना घामातून मीठ जातं, म्हणून जास्त खावं लागतं, असंही म्हणतात. पण रोजच्या जेवणात गरजेपेक्षा जास्त मीठ आधीच असतं. जुलाब, उलट्या झाल्या किंवा ऊन लागलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या ६०० गावांत असं मीठ वापरून पाहिलं, तेव्हा पक्षाघात सुमारे १४ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. फळं-भाज्यांचं प्रमाणही त्यांनाच विचारून ठरवावं.

गोळी आणि घर

आहार सांभाळला म्हणून गोळी मनानेच बंद करू नये. आकडा ताब्यात आलेला असतो तो गोळी आणि पथ्य दोन्हींमुळे. तंबाखू आणि मिश्री सोडावी, दारू टाळावी, वजन आटोक्यात ठेवावं, रोज अर्धा तास चालावं. तिशी ओलांडलेल्यांनी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्यावं, ते मोफत होतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं आणि अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू घेऊ नये.

एक मात्र आवर्जून सांगायचं आहे. बीपीवाल्यासाठी वेगळी अळणी भाजी काढायची, ही पद्धत फार दिवस टिकत नाही. रांधणारीचं काम वाढतं आणि आजारी माणूस पंगतीतून बाजूला पडतो. भाजी सगळ्यांसाठीच कमी मिठाची करावी. आज पेशंट एकच असेल, पण तीच चव मुलांच्या जिभेवर बसली, तर उद्याच्या पेशंटांची संख्या कमी होईल. हे काम कुठलाही दवाखाना करू शकत नाही, ते चुलीपाशीच होतं.