वाटांची नावे : लेखांक ७ – ठरावापूर्वीची विचारणा

दरवाज्यांचे प्रकरण या आठवड्यात पुरे करण्याचे मी कबूल केले होते. ते पुढील लेखांकावर टाकतो, कारण अजिंठ्याच्या एका वाचकांचा प्रश्न गेले चार दिवस मनातून हलत नाही. नव्या वस्तीतील रस्त्याला नाव द्यावयाचे असता लोकांना विचारावे ते नाव ठरण्यापूर्वी की ठरल्यानंतर, असे ते पुसतात.

दप्तरी शिरस्ता परिचयाचा आहे. आपल्या जिल्ह्याच्या नामांतराचेच पाहा : महसूल विभागाने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मसुदा प्रसिद्ध केला, २७ मार्चपर्यंत हरकती व सूचना मागविल्या, आणि १५ सप्टेंबरला अंतिम अधिसूचना निघाली. मसुद्यात नाव आधीच लिहिलेले असते. नागरिकाच्या हाती उरते ते होय वा नाही म्हणणे. जिल्ह्याच्या प्रश्नात ते अपरिहार्य असेल; गल्लीच्या बाबतीत मात्र ही रीत मला गैर वाटते, कारण रस्त्याचे खडीकरण होण्यापूर्वीच तिथून पाण्याला, दळणाला, शेताला जाणाऱ्या माणसांनी त्याला काहीतरी म्हणावयास आरंभ केलेला असतो, आणि ते ऐकून घेणे हीच खरी विचारणा.

न ऐकल्याने काय होते, हे अजिंठेकरांना सांगावयास नको. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतील अधिकारी वाघोरेच्या दरीत लेण्यांपाशी पोहोचला, आणि पुढे जगाने त्या लेण्यांना १०–१२ किलोमीटरांवरील अजिंठ्याचे नाव दिले. लेण्यांच्या निकट जे गाव आहे त्याचे नाव लेणापूर! ज्यांनी ते ठेवले त्यांना डोंगरात काय आहे हे पुरते ठाऊक होते. तरीही ‘शोध’ स्मिथच्या नावे जमा झाला. अजिंठ्याचा मला अभिमान आहे, पण लेणापुराची ही उपेक्षा मनाला लागते.

ऐकणे म्हणजे मान्य करणे मात्र नव्हे. रूढ नाव जातिवाचक असेल आणि पत्ता सांगताना कोणाला मान खाली घालावी लागत असेल, तर ते कितीही जुने असो, गेलेच पाहिजे. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने वस्त्यांची व रस्त्यांची अशी नावे बदलण्याचे ठरविले, ते उचितच झाले. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर ही नावे त्यात नमुन्यादाखल आहेत. ती सुंदर आहेत; परंतु नमुना म्हणजे हुकूम नव्हे, आणि त्यांतील कोणते घ्यावे, की आणखी निराळेच सुचवावे, याचा पहिला अधिकार त्या वस्तीत राहणाऱ्यांचा आहे. तिथे गावातील बहुमताने वस्तीच्या मताला दाबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाचकांना माझे उत्तर असे. ग्रामसभेपूर्वी महिलासभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. नावाचा विषय प्रथम तिथे, कोणतेही नाव पुढे न करता, मांडावा. ‘या वाटेला तुम्ही काय म्हणता?’ एवढेच विचारावे आणि जी जी उत्तरे येतील ती जशीच्या तशी इतिवृत्तात टिपावीत. वस्तीतील वृद्धांना ओट्यावर जाऊन विचारावे, कारण सभेला येणे त्यांना झेपत नाही. ठरावाचा कागद त्यानंतर काढावा. अजिंठ्यात असे झाले, तर ते इतिवृत्त वाचावयास मी स्वतः येईन.

दरवाजे पुढच्या आठवड्यात. आरंभ पैठण दरवाज्यापासून.