नगरच्या बागा आणि हरवलेले पाणी

अहिल्यानगरला येणारा पर्यटक साधारणपणे भुईकोट किल्ला पाहतो, चाँदबिबी महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावरील वास्तूकडे जातो आणि मग शिर्डी किंवा शनिशिंगणापूरची वाट धरतो. हे शहर एकेकाळी बागांचे शहर होते, याची त्याला सहसा कल्पना नसते. शहराच्या नकाशावर बागरोजा, फराहबाग, हश्त बिहिश्त बाग ही नावे आजही आहेत. पण तिथे गेल्यावर इमारत दिसते, बाग दिसत नाही. असे का झाले, हे समजून घेतले तर या स्थळांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

बागेच्या विजयातून जन्मलेले शहर

२८ मे १४९० रोजी मलिक अहमद याने बहामनी सैन्याचा पराभव केला. पुढे तोच अहमद निजामशहा म्हणून निजामशाहीचा संस्थापक ठरला. ज्या जागी विजय मिळाला तिथे त्याने महाल बांधला आणि बाग लावली. म्हणूनच इतिहासात ही लढाई ‘बागेची लढाई’ या नावाने ओळखली जाते. या जागेला ‘बाग निजाम’ असे नाव पडले. १४९४ च्या सुमारास सीना नदीकाठी शहर वसले, आणि पुढे हुसेन निजामशहाच्या काळात बाग निजामच्या जागेवरच आजचा दगडी किल्ला उभा राहिला.

याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित जवाहरलाल नेहरू स्थानबद्ध होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी आपल्या बागकामाविषयी लिहिले आहे. फुलांचे वाफे करण्यासाठी ते तासन्‌तास खणत असत. ती जमीन खडकाळ असून जुन्या बांधकामांच्या मलब्याने भरलेली होती. साडेचार शतकांपूर्वी जिथे राजाची बाग होती, तिथे एक राजबंदी पुन्हा वाफे तयार करीत होता!

आठ स्वर्ग आणि एक तळे

बाग, बगीचा, गुलाब, हौद, नहर हे आपण रोज वापरतो ते शब्द फारसी-अरबी परंपरेतून मराठीत आले. शब्दांबरोबर कल्पनाही आली. इराणच्या कोरड्या प्रदेशात भिंतीने वेढलेली, वाहत्या पाण्याची आणि फळझाडांची बाग म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग. पाण्याच्या पाटांनी बागेचे चार भाग केले की ती ‘चारबाग’ होते. मधल्या दालनाभोवती आठ दालने रचली की त्या आराखड्याला ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, असे म्हणतात.

नगरच्या उत्तरेस सावेडी परिसरात असलेली हश्त बिहिश्त बाग १५०६ च्या सुमारास निर्माण झाली. तिचे मूळ नाव ‘फैजबक्ष’ होते. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ते बदलले. तिच्या मधोमध तळे होते आणि तळ्यात अष्टकोनी महाल. आज महालाचे भग्न अवशेष उरले आहेत.

शहराच्या आग्नेयेस असलेला फराहबाग याहून भव्य आहे. लोकांच्या तोंडी तो ‘फऱ्याबाग’ आहे. पहिली इमारत पसंत न पडल्याने ती पाडून नव्याने बांधली गेली, असे परंपरा सांगते. आजचा महाल मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ मध्ये पूर्ण झाला. चारही दिशांना उंच कमानी, मध्यभागी घुमटाचे दालन आणि सभोवती प्रशस्त तलाव, अशी ही रचना. राज्यकारभारापासून दूर राहणारा मुर्तजा इथे बुद्धिबळ खेळण्यात रमत असे. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याचा अंत केला. महाल मात्र उभा राहिला. आज सभोवतीचा तलाव कोरडा आहे.

खापरी नळांची किमया

या बागांत पाणी आले कुठून, हा खरा प्रश्न आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. चार महिन्यांचा बेभरवशाचा पाऊस आणि त्यानंतर आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी बारमाही कारंजी चालवायची, तर पाणी दुरून आणणे भाग होते.

निजामशाहीतील स्थापत्यविशारदांनी त्यासाठी कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या, शहरापेक्षा उंचावरच्या गावांतून भूमिगत नहरी आणल्या. विहिरींत आणि झऱ्यांत साठलेले पाणी जमिनीखालच्या चुनेगच्ची मार्गांनी व भाजलेल्या मातीच्या नळांनी वाहत असे. हेच ‘खापरी नळ’. पाणी उचलण्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. सारा खेळ उताराचा होता. उतार जास्त झाला तर वेगाने नळ झिजणार, कमी झाला तर गाळ बसणार. म्हणून ठरावीक अंतरावर हौद ठेवलेले असत. तिथे गाळ खाली बसे, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि दुरुस्तीसाठी माणसाला उतरता येई.

बागेत पोहोचलेले पाणी एकदाच वापरले जात नसे. उंच हौदात साठल्यामुळे त्याला दाब मिळे आणि कारंजे उडे. कारंज्याचे पाणी महालाभोवतीच्या तळ्यात जाई. तळ्यावरून येणारा वारा महालाला गारवा देई. तळ्यातले पाणी पाटांनी फळबागेला जाई, आणि जे उरे ते जमिनीत मुरे. म्हणजे तळे ही केवळ शोभा नव्हती. ती साठवण होती, वातानुकूलन होते आणि सिंचनाची टाकीही होती.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढे खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी प्रसिद्ध नहर बांधली, ती याच परंपरेतील होती. नगरच्या नहरींची सविस्तर नोंद १८८४ च्या गॅझेटियरमध्येही सापडते. पुढे नळपाणी योजना आल्या, शहर मुळा धरणाच्या पाण्यावर अवलंबून राहू लागले आणि नहरींची देखभाल संपली. रस्ते, घरांचे पाये आणि गटारे खणताना नळ तुटत गेले. नळ तुटला तेव्हाच बाग मेली. इमारत मात्र दगड-चुन्याची असल्यामुळे टिकून राहिली.

पालेर्मोचा धडा

बागेची हीच परंपरा अरबांबरोबर पश्चिमेकडेही गेली. भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर नवव्या शतकात अरबांची सत्ता आली आणि १०७२ मध्ये पालेर्मो शहर नॉर्मनांनी जिंकले. जिंकणाऱ्यांनी जितांच्या बागा मोडल्या नाहीत. उलट त्यांनी तशाच नव्या बागा लावल्या. शहराबाहेरच्या शाही उद्यानाचे नाव होते ‘जेनोआर्दो’. ‘जन्नत-अल-अर्द’, म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग, या अरबी शब्दांचे ते रूप आहे. त्यातील बाराव्या शतकातला ‘झीझा’ महाल आजही उभा आहे. त्याच्या दालनातील कारंज्याचे पाणी पाटातून बाहेरच्या तळ्यात जात असे. शहराच्या दुसऱ्या टोकाला ‘मारेदोल्चे’ महाल आहे. त्याच्याभोवती कृत्रिम तलाव होता आणि तलावात बेट. पाणी येत होते ते झऱ्यांतून. शहराखाली खोदलेले ‘कनात’ नावाचे भूमिगत जलमार्गही होते. नगरच्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

पालेर्मोतही तळी आटली आणि वस्तीने बागांना वेढले. फरक पुढच्या वाटचालीत आहे. झीझासमोरची पडीक जमीन नव्या बागेसाठी वापरली गेली. काही कनातांत मार्गदर्शकाबरोबर उतरता येते. २०१५ मध्ये झीझासह तेथील अरब-नॉर्मन वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्याच वर्षी मारेदोल्चेला बागांसाठी दिला जाणारा कार्लो स्कार्पा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे तलावात पाणी परतले नव्हते. तरीही तलावाचा तळ ओळखता येतो आणि त्यात संत्रावर्गीय झाडे उभी आहेत. हरवलेल्या बागेची जागा मोकळी ठेवणे हेही जतनच आहे, हा त्यातला धडा.

काय पाहावे, कसे पाहावे

नगरच्या या बागा पाहायला पावसाळा सरताना ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सुरुवात दिल्ली दरवाजाबाहेरील बागरोजापासून करावी. शहराच्या संस्थापकाची कबर तिथे आहे, आणि बागेतच दफन व्हावे या कल्पनेचे ते दख्खनमधील एक महत्त्वाचे उदाहरण आहे. त्यानंतर फराहबाग. महालाकडे थेट न जाता आधी भोवतालच्या खोलगट जागेच्या काठाने एक फेरी मारावी. तो तलावाचा तळ आहे हे लक्षात आले की कमानींच्या उंचीचा अर्थ कळतो. त्या पाण्यात प्रतिबिंब पाडण्यासाठी आणि वारा आत घेण्यासाठी होत्या. हश्त बिहिश्तमध्येही तळ्याचा घेर शोधावा. शेवटी सलाबतखानाच्या कबरीकडे, म्हणजेच चाँदबिबी महालाकडे जावे. तिच्या मजल्यांवरून साऱ्या परिसराचा उतार दिसतो आणि पाणी कुठून कुठे वाहत असेल याचा अंदाज येतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे.

अजून वेळ गेलेली नाही

केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढील दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. ही तरतूद २०१० च्या कायदादुरुस्तीने अधिक कडक झाली. पण कायद्याचे हे वर्तुळ स्मारकापासून मोजले जाते, आणि नहर कित्येक किलोमीटर लांब असते. तिचा एक तुकडा जरी तुटला तरी पुढची सारी वास्तू अर्थहीन होते.

सर्व नहरी पुन्हा वाहत्या करणे आज कदाचित शक्य होणार नाही. परंतु उरलेल्या हौदांचे आणि नळमार्गांचे नकाशे करणे, तलावांचे तळ भराव टाकून बुजू न देणे, पावसाळ्यात तिथे पाणी साठेल अशी सोय करणे आणि चिंच, डाळिंब, सीताफळ अशी कमी पाण्यावर जगणारी झाडे लावणे, या गोष्टी अवघड नाहीत. वाढत्या शहराला मोकळी जागा हवी असते, आणि दुष्काळी जिल्ह्याला पाणी मुरण्याची जागा. फराहबागचा तलाव या दोन्ही गरजा भागवू शकतो. महाल पडला तर निदान त्याची छायाचित्रे तरी उरतील. तलावावर एकदा इमारती उभ्या राहिल्या, की इथे बाग होती हे सांगायला केवळ नावच उरेल.