फॉन गालेन : एका जर्मन आडनावाचा वारसा

जर्मन व्यक्तीच्या आडनावाआधी ‘फॉन’ हा शब्द दिसला की ते घराणे बहुधा सरदारकुळातील आहे, असे समजावे. ‘फॉन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. त्याच्या जोडीला येणारा ‘ग्राफ’ हा शब्द आपल्याकडील ‘उमराव’ या पदवीच्या जवळचा आहे. १९१९ साली जर्मन प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने सरदारांचे विशेषाधिकार रद्द केले. तेव्हापासून या पदव्या केवळ आडनावाचा भाग म्हणून उरल्या आहेत. मान गेला, नाव राहिले. त्या नावाचे पुढे काय करायचे, हे मात्र ते धारण करणाऱ्याच्या हाती असते. वेस्टफालिया प्रांतातील ‘फॉन गालेन’ हे कॅथॉलिक घराणे याची उत्तम साक्ष देते.

या नावाने इतिहासात प्रथम ठळकपणे पुढे आले ते बिशप क्रिस्टोफ बर्नहार्ड फॉन गालेन (१६०६–१६७८). १६५० साली ते म्युन्स्टरचे बिशप झाले. त्या काळी तेथील बिशप धर्मप्रांताचे मेंढपाळ असत आणि त्या प्रदेशाचे राज्यकर्तेही असत. तीस वर्षांच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या धर्मप्रांतात त्यांनी ट्रेंट धर्मपरिषदेच्या सुधारणा निष्ठेने राबविल्या. तथापि त्यांच्या एका हाती धर्मदंड होता, तर दुसऱ्या हाती तोफखाना. १६६१ साली त्यांनी स्वतःच्याच म्युन्स्टर शहराला वेढा घालून ते नमविले. १६७२ साली त्यांनी डच शहर ग्रोनिंगेनवर तोफगोळ्यांचा भडिमार केला. परंतु त्यांना माघार घ्यावी लागली. ग्रोनिंगेनचे नागरिक २८ ऑगस्ट हा सुटकेचा दिवस आजही साजरा करतात. डच लोकांनी त्यांना बॉम्बगोळ्यांवरून ‘बोमेन बेरेंड’ असे टोपणनाव दिले.

दोन शतकांनंतर याच कुळातील फर्डिनांड हेरिबेर्ट फॉन गालेन जर्मन संसदेत कॅथॉलिकांच्या सेंटर पक्षाचे सभासद होते. श्रमिकांच्या हक्कांसाठी आवाज उठविणारे माइन्झचे बिशप केटेलर हे त्यांचे सख्खे मामा. १८७७ साली फर्डिनांड यांनी कामगारांच्या संरक्षणाचा प्रस्ताव संसदेत मांडला. रविवारची विश्रांती आणि बालमजुरीला आळा या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. घराण्याच्या नावामागचे सामर्थ्य आता दुबळ्यांच्या बाजूने उभे राहू लागले होते.

फर्डिनांड यांच्या तेरा अपत्यांपैकी अकरावे अपत्य म्हणजे क्लेमेन्स ऑगस्ट. त्यांचा जन्म १६ मार्च १८७८ रोजी डिंक्लागे येथील गढीत झाला. १९०४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९३३ साली ते म्युन्स्टरचे बिशप झाले. ‘स्तुतीने नाही, भीतीनेही नाही’ हे त्यांचे ब्रीदवाक्य होते. त्याची कसोटी १९४१ च्या उन्हाळ्यात लागली. नाझी राजवट मनोरुग्णांना व अपंगांना ‘निरुपयोगी’ ठरवून गुप्तपणे ठार मारीत होती. ३ ऑगस्ट रोजी संत लाम्बेर्ट चर्चच्या प्रवचनपीठावरून बिशपांनी या हत्यांचा जाहीर निषेध केला. आपण सरकारी वकिलाकडे रीतसर फिर्याद दाखल केली आहे, असेही त्यांनी भाविकांना सांगितले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. काम न करू शकणाऱ्याला मारणे एकदा मान्य केले, तर म्हातारपणी आपल्यापैकी कोण सुरक्षित राहील? रणांगणावरून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकाचे काय होईल?

या प्रवचनाच्या प्रती गुपचूप हातोहात फिरल्या. त्या वाटल्याबद्दल काहींना तुरुंगवास घडला, तर काहींना प्राणही गमवावे लागले. बिशपांना फाशी द्यावी, अशी मागणी नाझी पुढाऱ्यांत झाली. परंतु लोकक्षोभाच्या भीतीने त्यांना हात लावला गेला नाही. २४ ऑगस्टला विषारी वायूने चाललेली ती मोहीम थांबविण्यात आली. तोवर सत्तर हजारांहून अधिक बळी गेले होते आणि पुढेही उपासमारीने व औषधांनी हत्या चालूच राहिल्या. ज्यूंच्या छळाविरुद्ध बिशपांनी असाच जाहीर आवाज उठविला नाही, ही खंतही इतिहासात नोंदली गेली आहे. धन्यजनांचे जीवनही अपूर्णतेपासून मुक्त नसते.

त्यांचे धाकटे बंधू फ्रान्झ यांनी १९३३ साली नाझींची साथ देण्याऐवजी प्रशियाच्या विधिमंडळातील आपल्या जागेचा राजीनामा दिला. १९४४ साली त्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत डांबण्यात आले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये पोप बारावे पायस यांनी बिशप क्लेमेन्स यांना कार्डिनल केले. १६ मार्च रोजी, आपल्या ६८ व्या वाढदिवशी, ते भग्न म्युन्स्टरमध्ये परतले आणि अवघ्या सहा दिवसांत, २२ मार्चला, प्रभूच्या घरी गेले. ९ ऑक्टोबर २००५ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले.

म्युन्स्टरच्या धर्मपीठावर एकाच आडनावाचे दोन बिशप बसले. एकाने तोफांवर भिस्त ठेवली, तर दुसऱ्याजवळ शब्दाखेरीज काहीच नव्हते. डिंक्लागेच्या ज्या गढीत धन्य क्लेमेन्स जन्मले, तेथे १९४९ पासून बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचा मठ आहे. सरदारांच्या त्या वास्तूत आता प्रार्थनेचे सूर घुमतात. आडनाव आपल्याला जन्माने मिळते. त्याचा अर्थ मात्र आपल्या कृतीने ठरतो.