बहुपदींचे संयोजन आणि विघटन

दोन फलनांची बेरीज वा गुणाकार करताना वस्तुतः त्यांच्या मूल्यांचीच बेरीज वा गुणाकार होतो. त्यामुळे ह्या क्रियांना संख्यांचे सर्व परिचित नियम लागू पडतात. संयोजनाची गोष्ट निराळी आहे. त्यात एका फलनाचे मूल्य दुसऱ्याचे चलपद बनते. फ(क्ष) = क्ष² आणि ग(क्ष) = क्ष + १ असता फ(ग(क्ष)) = क्ष² + २क्ष + १, परंतु ग(फ(क्ष)) = क्ष² + १. संयोजन साहचर्याचा नियम पाळते, क्रमनिरपेक्षतेचा पाळत नाही.

असे असूनही संयोजनाच्या दृष्टीने बहुपदींचे अवयव पाडता येतात काय? म आणि न घातांच्या बहुपदींच्या संयोजनाचा घात मन असतो. म्हणून ज्या बहुपदीचा घात मूळ संख्या आहे ती अविघटनीय होय. एकघाती बहुपदींना व्यस्त फलन असल्यामुळे त्या येथे जमेस धरीत नाहीत. परंतु विघटन एकमेव नसते. क्ष²(क्ष² + १)² ही बहुपदी क्ष³ + क्ष चा वर्ग करून मिळते. तसेच क्ष(क्ष + १)² मध्ये क्ष च्या जागी क्ष² घालूनही मिळते. पहिल्या रीतीत त्रिघाती घटक आत व द्विघाती बाहेर आहे. दुसऱ्या रीतीत नेमके उलट.

सदसत् सहगुणकांच्या बहुपदींसाठी ह्या प्रश्नाचा उलगडा रिट ह्यांनी १९२२ मध्ये केला. अविघटनीय घटकांत केलेल्या कोणत्याही दोन विघटनांत घटकांची संख्या सारखीच असते आणि क्रम सोडल्यास त्यांचे घातही तेच असतात. लगतच्या दोन घटकांची अदलाबदल करीत एका विघटनावरून दुसऱ्यावर जाता येते. एकघाती फेरफार वगळता ही अदलाबदल दोनच प्रकारची असते. एक प्रकार वरील उदाहरणाच्या धर्तीचा. दुसरा चेबिशेव्ह बहुपदींचा: कोज्या थ = क्ष मानल्यास कोज्या २थ = २क्ष² − १ आणि कोज्या ३थ = ४क्ष³ − ३क्ष. कोनाची आधी दुप्पट व मग तिप्पट केली काय, किंवा उलट केले काय, सहापटच होणार. म्हणून ह्या दोन बहुपदींचे संयोजन क्रमनिरपेक्ष ठरते.

हे प्रमेय सर्व क्षेत्रांवर मात्र खरे नाही. ज्या क्षेत्रात एखाद्या मूळ संख्येइतक्या एकांची बेरीज शून्य होते, तेथे ते ढळू शकते, हे डोरे व व्हेपल्स ह्यांनी १९७४ मध्ये प्रत्युदाहरणाने दाखविले. बहुपदींचे विघटन केवळ संयोजनाच्या नियमांवर ठरत नाही. सहगुणक कोणत्या क्षेत्रातील आहेत ह्यावरही ते अवलंबून असते.