घरच्या घरी कीटोन तपासणी
इन्सुलिन फारच कमी पडले की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन साचतात. सर्वांत स्वस्त तपासणी लघवीच्या पट्टीची. पट्टी बुडवायची, डबीवर छापलेले सेकंद मोजायचे, रंग ताडायचा. जितकी जांभळी, तितके कीटोन जास्त. मात्र ती काही तासांपूर्वीची स्थिती दाखवते. डबीचे झाकण सैल राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. एकोडीसारख्या भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील गावात पावसाळ्यात हे सहज होते. बोटातल्या थेंबावर चालणारे मीटर महाग, पण भरवशाचे: ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या आत सामान्य, १.५ च्या पुढे धोका. आकडा ३ किंवा अधिक असल्यास, अथवा उलट्या आणि धाप सुरू झाल्यास, तत्काळ रुग्णालय गाठावे.