कंपनी काढताय? एजंट आणि पत्ता पारखून घ्या

घरगुती मसाले, शिवणकाम किंवा केटरिंगचा व्यवसाय जरा वाढला की एखादा मोठा ग्राहक विचारतो, ‘तुमची कंपनी आहे का?’ मग घरात चर्चा सुरू होते आणि नजर जाते ती जाहिरातींकडे. अमुक रुपयांत कंपनी, आठ दिवसांत, पत्त्यासकट! आधारकार्ड, पॅनकार्ड आणि फोटो पाठवले की काम झाले, असे वाटते. खरे तर तेव्हा एजंटाचे काम संपत आलेले असते आणि तुमचे सुरू होत असते. त्याने अर्जात लिहिलेला पत्ता आणि तुमची सही कंपनी असेपर्यंत तुमच्या नावाला चिकटून राहते. म्हणूनच स्वस्त-महाग बघण्याआधी थोडी चौकशी करणे शहाणपणाचे.

आधी गरज तपासा

प्रत्येक व्यवसायाला कंपनी लागतेच असे नाही. एकट्याचा छोटा धंदा मालकी पद्धतीने चालू शकतो. दोघी-तिघी मिळून काम करत असतील तर भागीदारी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हे पर्याय आहेत. कंपनीचा मोठा फायदा असा की तिचे कर्ज सहसा भागधारकांच्या घरादारावर येत नाही, अर्थात कुणी वैयक्तिक हमी दिली नसेल तर. पण त्याची किंमतही असते. एक रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विवरणपत्रे भरावी लागतात. हे आधी सांगणारा सल्लागार चांगला. ‘काढून तर टाका, पुढचे पुढे पाहू’ म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलेच बरे.

सही कोण करणार?

‘एजंट’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. नोंदणीच्या अर्जाबरोबरचे व्यावसायिक प्रमाणपत्र मात्र चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील यांच्यापैकीच कुणीतरी द्यावे लागते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, ‘माझ्या अर्जावर कोण सही करणार?’ नाव आणि सभासद क्रमांक घ्या आणि तो त्यांच्या संस्थेकडे पडताळून पाहा. उत्तर देताना एजंट अडखळत असेल तर तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न खर्चाचा. २०१९पासून १५ लाख रुपयांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाच्या कंपनीला केंद्र सरकारची नोंदणी फी पडत नाही. मुद्रांक शुल्क राज्याराज्यांत वेगळे असते. त्यामुळे ‘सरकारी फी’ म्हणून एकच ठोक रक्कम सांगितली तर तपशील मागा. सरकारी शुल्क किती, डिजिटल सहीचे किती आणि एजंटाचा मेहनताना किती, हे कागदावर वेगवेगळे लिहून घ्या.

नोंदणीनंतरच्या कामांचे काय, हेही विचारा. पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत नेमायचा असतो. भागधारकांनी शेअरचे पैसे भरल्याची घोषणा १८० दिवसांत द्यावी लागते. स्वस्त पॅकेजमध्ये बऱ्याचदा नेमकी हीच कामे नसतात.

पत्ता म्हणजे नुसती पाटी नव्हे

२०१३च्या कंपनी कायद्यानुसार नोंदणीकृत कार्यालय असे असावे लागते, जिथे कंपनीच्या नावाने आलेली पत्रे आणि नोटिसा स्वीकारल्या जातील आणि त्यांची पोच मिळेल. तिथे पाठवलेली टपाली नोटीस सर्वसाधारणपणे कंपनीला मिळाली असेच धरले जाते. पत्र दाराशी धूळ खात पडले आणि मुदत निघून गेली, तर ‘आम्हाला कळलेच नाही’ ही सबब चालणे कठीण.

राहत्या घराचा पत्ता देता येतो. वीजबिलासारखे दोन महिन्यांच्या आतले बिल, मालकीचा कागद किंवा भाडेकरार आणि जागा दुसऱ्याची असेल तर त्याचे संमतिपत्र लागते. सोसायटीचे नियमही आधी पाहून घ्या. मात्र हा पत्ता सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. घरचा पत्ता असा उघड व्हायला नको म्हणून अनेक जण, विशेषतः घरून काम करणाऱ्या स्त्रिया, पत्ता भाड्याने देणारी सेवा घेतात. त्यात गैर काही नाही, पण जागा खरी हवी.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन या. दिवसा कुणी बसते का? टपाल कोण घेते, किती दिवसांत कळवते? कंपनीच्या नावाची पाटी बाहेर लावू देतात का? ही पाटी स्थानिक भाषेतही लावणे कायद्याने बंधनकारक आहे. कार्यालयाविषयीचे हे नियम मोडल्यास दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड होऊ शकतो आणि तो कंपनीबरोबरच जबाबदार संचालकांनाही. शंका आल्यास निबंधक प्रत्यक्ष पाहणी करू शकतो. ती स्थानिक साक्षीदारांसमक्ष करायची आणि जागेचे छायाचित्र घ्यायचे, असा नियम २०२२मध्ये आला. कंपनी काहीच काम करत नाही असे आढळले तर तिचे नाव नोंदीतून काढण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.

एक खूण लक्षात ठेवा. प्रमाणपत्र देणारा व्यावसायिक ‘मी ही जागा स्वतः पाहिली आहे’ असे लिहून देत असतो. जो जागा न पाहता सही करतो, तो उद्या तुमचे हिशेबही न पाहताच सही करील.

स्वस्त मिळतो म्हणून दुसऱ्या शहराचा पत्ता घेतानाही जपून. पुढे त्याच गावात पत्ता बदलणे सोपे असते. पण मुंबईच्या निबंधकाच्या हद्दीतून पुण्याच्या हद्दीत यायचे तर प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते. राज्यच बदलायचे असेल तर काम आणखी लांबते.

किल्ल्या आपल्याच कमरेला

डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आणि त्याचा पासवर्ड एजंटाकडे ‘सोयीसाठी’ ठेवू नका. कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखेच ते आहे. अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच असू द्या. एजंटाचा दिला तर सरकारकडून येणाऱ्या सूचना त्याच्याकडे जातात आणि त्याच्याशी बिनसले की त्या तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. अशा वेळी पत्नीचे, आईचे किंवा सासूबाईंचे नाव ‘नावापुरते’ घातले जाते. कायद्यात नावापुरता संचालक नसतो. वार्षिक हिशेब किंवा विवरणपत्राला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. सलग तीन वर्षे ती भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७मध्ये सरकारने अशा ३ लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले आणि २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदीतून काढली. म्हणून ज्यांची सही घ्यायची, त्यांना कागद वाचून दाखवा, समजावून सांगा. आणि व्यवसाय एकटीचाच असेल तर एका व्यक्तीच्या कंपनीची सोय याच कायद्यात आहे. दुसऱ्या संचालकाची गरजच पडत नाही. फक्त वारस म्हणून एक नाव द्यावे लागते, तेही त्या व्यक्तीच्या लेखी संमतीने.

व्यवहार ठरवताना एक अट लेखी घ्या : काम संपल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र, घटनापत्रे, पासवर्ड आणि डिजिटल सह्या सर्व तुमच्या ताब्यात मिळतील. पत्त्याची सेवा बंद करायची असेल तर किती दिवसांची सूचना आणि तोवर आलेल्या टपालाचे काय, तेही लिहून घ्या. चांगला एजंट या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, असे ग्राहक त्याला हवेच असतात, कारण त्यांचे कागद वेळेवर तयार असतात.