ही खरखर मुद्दाम आहे

कलिंबा नावाचं खेळण्याएवढं वाद्य तुम्ही ऑनलाइन पाहिलं असेल. लाकडी पेटीवर धातूच्या पट्ट्या, त्या अंगठ्यांनी छेडायच्या. आवाज अगदी स्वच्छ, गोड. आता यूट्यूबवर त्याचा पूर्वज ऐका: झिंबाब्वेतल्या शोना लोकांचा म्बिरा. पहिल्यांदा वाटेल, हेडफोन बिघडला!

तो ठीक आहे. म्बिराच्या फळीवर आणि ज्या पोकळ भोपळ्यात तो बसवतात त्याच्या काठाला गोगलगायीचे शंख, हल्ली बाटल्यांची बुचं, सैलसर बांधलेली असतात. पट्टी छेडली की तीही थरथरतात.

कशासाठी? आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासते आणि मूळ स्वराची काही ऊर्जा वरच्या कंपनसंख्यांत पसरते, आवाज भरून येतो. म्बिरात हेच काम बुचं करतात. त्यांची गरजही जास्त आहे. तारेचे वरचे स्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट असे ओळीने येतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचा पुढचा स्वर थेट सव्वासहा पटीच्या आसपास असतो, आणि तो पटकन विरतो. मध्ये सगळं रिकामं! (आणखी एक गंमत: तार निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो, अशी पट्टी निम्मी केली की दोन. म्हणून पट्टी जराशी आतबाहेर सरकवली तरी सूर बदलतो.)

शोनांसाठी मात्र ही खरखर म्हणजे केवळ नाद नव्हे. म्बिराच्या या प्रकाराच्या नावाचा अर्थच ‘पूर्वजांच्या आत्म्यांचा’ असा आहे. ‘बिरा’ नावाच्या विधीत तो रात्रभर वाजतो, सोबत होशो हे खुळखुळे. मग पूर्वज एखाद्याच्या अंगात येतात आणि लोक त्यांना आजारपणाबद्दल, पावसाबद्दल विचारतात. मिशनऱ्यांना हे वाद्य खुपलं ते यामुळेच.

१९५०च्या दशकात ह्यू ट्रेसी यांनी दक्षिण आफ्रिकेत जगभर विकायला कलिंबा बनवला. सूर पाश्चात्त्य सप्तकाचे ठेवले, खरखर गाळली. वाद्य घरोघरी पोचलं खरं, पण जे गाळलं ते शोनांच्या लेखी गाळण्यासारखं नव्हतं.

घरी कलिंबा असेल तर एक बूच भोक पाडून दोऱ्याने पेटीवर सैल बांधा. मग तोच सूर पुन्हा छेडा.